सवलतीचा सौदा आणि आजन्म हमी

पैसे मोजून वस्तू विकत घेणे ही गोष्ट वरवर पाहता इतकी सोपी आहे की, तीत विचार करण्याजोगे काही असेल असे सहसा कोणास वाटत नाही. दाम दिला, वस्तू घेतली, व्यवहार संपला, असा आपला समज असतो. परंतु काही वस्तूंचा व्यवहार दुकानाच्या पायरीवर संपत नाही. औषध, घड्याळ, वाहन, राहते घर यांच्याबरोबर आपण एक वचनही विकत घेत असतो, आणि त्या वचनाची किंमत पावतीवर निराळी लिहिलेली नसते. ती निराळी लिहिलेली नसल्यामुळेच, वस्तू स्वस्त मिळाली तेव्हा नेमके काय स्वस्त झाले, असा प्रश्न उत्पन्न होतो. या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका साध्या उदाहरणाच्या आधाराने करणार आहोत. ते उदाहरण सायकलीचे आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये पवनेच्या काठी पिंपळे सौदागर नावाचे गाव आहे. गाव म्हणावयाचे ते जुन्या सवयीने. एके काळच्या शेतांच्या जागी आज उंच इमारती उभ्या आहेत, आणि हिंजवडीच्या संगणक-कचेऱ्यांत काम करणारी असंख्य सुशिक्षित कुटुंबे त्यांत राहतात. रविवारी उजाडण्यापूर्वी या वस्तीतून सायकलस्वारांचे जथे बाहेर पडतात. कोणी जुन्या मुंबई रस्त्याने पन्नासेक किलोमीटरवरील लोणावळ्याकडे, तर कोणी सिंहगडाच्या पायथ्याकडे. त्यांच्या सायकली आमच्या वडिलांच्या पिढीस ओळखू येणार नाहीत. मडगार्ड नाही, स्टँड नाही, कॅरिअर नाही. टायर जेमतेम दीड बोट रुंद, हँडल मेंढ्याच्या शिंगांप्रमाणे खाली वळलेले, आणि सगळ्या सायकलीचे वजन आठ-दहा किलो. हीस रोड बाइक म्हणतात. हिची किंमत तीस-चाळीस हजारांपासून काही लाखांपर्यंत जाते. मध्यम स्थितीच्या घरात एवढी रक्कम सायकलीवर खर्च होणार म्हटल्यावर जेवणाच्या वेळी चर्चा ही व्हावयाचीच. मुलगा सांगतो की, चाळीस टक्के सूट आहे आणि फ्रेमची, म्हणजे सांगाड्याची, आजन्म हमी आहे. या दोन शब्दांनी वडिलांचा विरोध निम्मा मावळतो. आमच्या मते खरा विचार येथूनच सुरू व्हावयास हवा. कारण सूट आणि हमी हे शब्द एकाच श्वासात उच्चारले जातात, तेव्हा पहिला शब्द दुसऱ्यास कापीत तर नाही ना, हे पाहिले पाहिजे. गावाच्या नावातच सौदागर आहे. तेव्हा सौद्याच्या नीतीचा विचार करण्यास याहून योग्य ठिकाण शोधूनही सापडावयाचे नाही.

याच परिसराने या प्रश्नाची दुसरी बाजू एका पिढीपूर्वी पाहिलेली आहे. येथून फार दूर नसलेल्या आकुर्डीच्या कारखान्यातली चेतक स्कूटर १९७२ साली बाजारात आली. परवान्यांच्या आणि टंचाईच्या त्या काळात नाव नोंदवून दहा-दहा वर्षे वाट पाहणारी कुटुंबे होती, आणि नंबर लागलेला मनुष्य मूळ किमतीहून अधिक पैसे घेऊन आपली गाडी दुसऱ्यास देई. सवलतीची गोष्ट दूरच राहिली. उलट वर काही द्यावे लागे. त्या काळच्या गिऱ्हाइकाने हमीची कलमे वाचली नाहीत म्हणून त्यास भोळा म्हणणे अन्यायाचे होईल. वाचून तो करणार काय? जाण्यास दुसरे दुकान होते कोठे? आज दुकाने पुष्कळ झाली, माल पुष्कळ झाला, आणि गिऱ्हाईक मोकळे झाले. पण जुनी सवय मात्र सुटली नाही. तेव्हा वस्तू मिळाल्याच्या आनंदात कागद वाचला जात नसे; आता ती स्वस्त मिळाल्याच्या आनंदात वाचला जात नाही.

सवलत ही कधीही निष्कारण नसते, आणि तिची कारणे एकाच जातीची नसतात. गेल्या सालचा नमुना किंवा न खपलेला रंग असेल, तर किंमत उतरते. वस्तूही पूर्ण असते आणि वचनही पूर्ण असते. असा सौदा खुशाल करावा. दुसरा प्रकार असा की, दुकानात केवळ फार मोठ्या किंवा फार लहान मापाची फ्रेम उरलेली असते. तेथे वस्तूत दोष नसतो, पण ती आपली नसते. सवलतीच्या लोभाने दुसऱ्याच्या मापाचा सदरा शिवून घेण्यासारखाच तो प्रकार, फरक इतकाच की सदऱ्याने मान, कंबर आणि गुडघे दुखत नाहीत. तिसऱ्या प्रकारात सायकल प्रदर्शनात ठेवलेली, चार जणांनी चालवून पाहिलेली, रंगास ओरखडा गेलेली अशी असते. आणि चौथा प्रकार सर्वांत सूक्ष्म आहे. सायकल नवी असते, माप बरोबर असते, रंग झळझळीत असतो. परंतु ती कंपनीच्या नेमलेल्या विक्रेत्याकडून न येता आडमार्गाने आलेली असते, आणि म्हणून कंपनीचे वचन तीस लागू पडत नाही. येथे धातूचा एक कणही कमी झालेला नसतो. कमी झालेले असते ते वचन, आणि ते डोळ्यांनी दिसत नाही.

आता हमी या शब्दाकडे वळू. बोलताना आपण गॅरंटी आणि वॉरंटी हे शब्द सरमिसळ वापरतो. कायदा तसे करीत नाही. १८७२ च्या करार कायद्यात गॅरंटीचा अर्थ जामीनकी असा आहे. ऋणकोने देणे फेडले नाही तर ते आपण फेडू, असे तिसऱ्या माणसाने धनकोस दिलेले वचन. वॉरंटी हा शब्द १९३० च्या मालविक्री कायद्यात येतो. त्याच्या १२ व्या कलमाने विक्रीतील वचनांचे दोन वर्ग केले आहेत. जे वचन व्यवहाराच्या मूळ हेतूस आवश्यक, ते मोडल्यास गिऱ्हाइकास करारच मोडला असे मानता येते. जे त्या हेतूस आनुषंगिक, ती वॉरंटी. ती मोडल्यास भरपाई मागता येते, पण माल नाकारता येत नाही. वाचकांस हा केवळ वकिली भेद वाटेल. परंतु त्यात एक नैतिक जाण आहे. काही वचने मोडली म्हणजे त्या व्यवहारात काही उरतच नाही. रंग टिकणे ही आनुषंगिक गोष्ट होय. सिंहगडाचा उतार वेगाने उतरणाऱ्या माणसाच्या देहाखाली सांगाडा अभंग राहणे ही आनुषंगिक गोष्ट नव्हे. कंपनीच्या कागदावर दोन्ही गोष्टी वॉरंटी या एकाच मथळ्याखाली छापलेल्या असतात, एवढ्यावरून त्यांचे नैतिक वजन सारखे होत नाही.

आणि मग तो भव्य शब्द येतो: आजन्म. कोणाच्या जन्माची ही गोष्ट? सायकलीच्या, स्वाराच्या, की कंपनीच्या? कागद नीट वाचला असता बहुधा असे दिसते की, हमी पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. त्याच्याजवळ मूळ पावती असावी लागते. पुष्कळदा ठरावीक मुदतीत नाव नोंदवावे लागते, आणि सायकल नेमलेल्या विक्रेत्याकडून जोडून घेतलेली असावी लागते. अपघात, गैरवापर, हयगय आणि नित्याची झीज ही वगळलेली असतात. सांगाड्यास आजन्म म्हटलेले असते, पण चाके, गिअर, साखळी यांस एक-दोन वर्षेच मिळतात. आणि पुढच्या चिमट्याचे काय, हे पुन्हा निराळे पाहावे लागते. काही उत्पादक तर आजन्म हा शब्द टाळून मोजकी वर्षे सांगतात. आम्हांस व्यक्तिशः तो प्रकार अधिक सरळ वाटतो. कारण ज्या वचनास आकडा आहे, त्याची आठवण देता येते.

आजन्म या शब्दास धातुशास्त्राचाही एक आक्षेप आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑगस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने आगगाडीच्या आसांवर दीर्घकाळ प्रयोग केले. त्यांतून असे दिसून आले की, जो भार आस एकदा सहज पेलतो, तोच भार पुनःपुन्हा पडत राहिला तर अखेर त्याने आस मोडतो. धातूही थकतो. पोलादाच्या बाबतीत एक मर्यादा असते. तिच्या खालचा ताण कितीही वेळा आला तरी ते सहसा थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी निश्चित मर्यादा नाही. लहानसहान धक्काही त्याच्या आयुष्यातून काही तरी घेऊन जातो. म्हणून त्याच्या नळ्या जाड व्यासाच्या करून ताण मुळातच कमी ठेवावा लागतो. कार्बन तंतूंचा सांगाडा थकव्यास चांगला असतो, पण जोराचा आघात झाल्यास त्यातली इजा आतल्या आत राहू शकते आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. सायकलींच्या सुरक्षिततेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात पायडलवर मोठा जोर एक लाख वेळा देऊन सांगाड्याची परीक्षा घेतात. एक लाख ही संख्या मोठी खरी, पण ती अनंत नव्हे. मग जी वस्तू आपल्या स्वभावानेच मर्त्य आहे, तिच्याविषयी आजन्म वचन देणे हा दंभ आहे काय?

आमच्या मते तो दंभ नाही. मात्र त्या वचनाचा अर्थ आपण उलटा समजतो. हमी भविष्याविषयी बोलते असे आपणांस वाटते. कंपनी जणू म्हणत आहे की, ही फ्रेम कधी मोडणार नाही. कोणताही शहाणा कारागीर असे म्हणणार नाही, आणि कागदही तसे म्हणत नाही. कागद असे म्हणतो की, सामग्रीत किंवा कारागिरीत दोष निघाल्यास आम्ही फ्रेम दुरुस्त करू किंवा बदलून देऊ. हे बोलणे भूतकाळाविषयीचे आहे. ज्या दिवशी नळ्या जोडल्या गेल्या, त्या दिवशी जोड पुरता भरला होता, भट्टीचे तापमान योग्य होते, तपासनिसाने पाहावयाचे ते पाहिले होते, अशी ती साक्ष आहे. चाकण, भोसरी, चिंचवड या पट्ट्यातील कारखान्यांतून ज्यांचे आयुष्य गेले आहे, त्यांस हे समजावून सांगावे लागणार नाही. तपासलेल्या भागावर मारलेला शिक्का पुढे काय होईल हे सांगत नाही. आतापर्यंत काय झाले आहे ते सांगतो. आजन्म या शब्दाचा अर्थ एवढाच की, त्या साक्षीस मुदत नाही. जन्मवेळचा दोष दहाव्या वर्षी उघड झाला तरी ती साक्ष परत तपासता येईल.

हे एकदा मान्य झाले म्हणजे सवलतीचा प्रश्न आपोआप उलगडू लागतो. साक्ष ही किमतीबरोबर बदलत नाही. जो जोड पुऱ्या किमतीच्या सायकलीत नीट भरला आहे, तो चाळीस टक्के सूट दिल्याने कच्चा होत नाही. आणि जो कच्चा आहे, तो सूट दिल्याने क्षम्यही होत नाही. कोणी म्हणेल की, स्वस्तात घेतले तर तक्रार कसली? दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, ही म्हण आपल्याकडे आहेच. परंतु सवलत हे दान नव्हे. विक्रेत्याने आपल्या सोयीसाठी, जुना माल हलावा म्हणून, किंवा पुढच्या सालच्या मालास जागा व्हावी म्हणून किंमत उतरवलेली असते. त्या गाईचे पैसे मोजले गेले आहेत. तेव्हा दातही मोजले जातील. अर्थात, विक्रेत्याने आधीच सांगितले असेल की येथे चीर आहे, म्हणून किंमत निम्मी, तर गोष्ट निराळी. मालविक्री कायद्याचे १६ वे कलमही असाच विवेक करते: गिऱ्हाइकाने माल तपासून घेतला असेल तर त्या तपासणीत जो दोष दिसावयास हवा होता, त्याबद्दल मागाहून विक्रीयोग्यतेची अट पुढे करता येत नाही. किमतीत सूट देण्याचा अधिकार विक्रेत्यास पूर्ण आहे; सत्यात सूट देण्याचा अधिकार मात्र त्यास नाही.

जाहिरातीतले शब्द मनावर घ्यावयाचे नसतात, असेही एक समर्थन ऐकू येते. हा युक्तिवाद जुना आहे. इंग्लंडात एका कंपनीने श्वासावाटे औषधी भुकटी घेण्याचे साधन विकावयास काढले, आणि ते सांगितल्याप्रमाणे वापरूनही ज्यास इन्फ्लुएंझा होईल त्यास शंभर पौंड देऊ, असे जाहीर केले. कार्लिल नावाच्या बाईस आजार झाला, व तिने पैसे मागितले. कंपनीचे म्हणणे असे की, ही केवळ फुशारकी होती. अपील न्यायालयाने १८९२ साली ते नाकारले. कारण आपला हेतू खरा आहे हे दाखविण्यासाठी एक हजार पौंड बँकेत ठेवल्याचे त्याच जाहिरातीत म्हटले होते. ज्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून तो छापला, त्याच शब्दावर विश्वास ठेवल्याबद्दल लोकांस हसता येत नाही. आजन्म हा शब्द ज्यांनी मोठ्या अक्षरांत छापला, त्यांनी त्याच्या अटी अगदी बारीक अक्षरांत का छापाव्या, याचे उत्तर त्यांनी आपल्या मनाशीच द्यावे.

आता सर्वांत कठीण प्रश्न: हमी पहिल्या खरेदीदारापुरतीच का? याला व्यवहारी उत्तर आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. सायकल तीन हातांतून गेली म्हणजे ती कोठे आपटली, कोणी घासली, हे कंपनीस कळण्याचा मार्ग राहत नाही. आणि अमर्याद जबाबदारीची किंमत शेवटी सर्वच गिऱ्हाइकांस भरावी लागते. परंतु हमी ही जर जन्मवेळेची साक्ष असेल, तर मालक बदलल्याने ती साक्ष खोटी कशी ठरेल? दुसऱ्याच्या हाती गेलेल्या सायकलीचा जोड पहिल्याच दिवशी कच्चा होता, तर त्यावरून पडणाऱ्या परक्याचे हाड कमी दुखते काय? १९३२ साली डोनोह्यू विरुद्ध स्टीव्हन्सन या खटल्यात इंग्लंडच्या उमराव सभेपुढे हाच प्रश्न आला होता. स्कॉटलंडात पेझ्ली येथे एका बाईस तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअरची बाटली घेऊन दिली. त्या बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली, अशी फिर्याद होती. बाईने स्वतः काही विकत घेतले नव्हते, तेव्हा करार नव्हता. तरीही, आपली वस्तू अखेर जिच्या हाती पडेल तिच्याविषयी काळजी बाळगणे हे उत्पादकाचे कर्तव्य आहे, असा निर्णय झाला. आपल्या देशात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने उत्पादनाच्या दोषामुळे होणाऱ्या इजेबद्दल उत्पादकाची जबाबदारी स्वतंत्र प्रकरणात मांडली आहे. मात्र तो कायदाही एक रेषा ओढतो. त्या प्रकरणात देहास झालेली इजा येते. मोडलेली वस्तू स्वतः त्यात येत नाही. म्हणजे हमीचा कागद फ्रेमपुरता आहे, आणि माणसाविषयीचे कर्तव्य त्या कागदाहून जुने व मोठे आहे. कागद पहिल्या मालकापाशी थांबला तरी कर्तव्य थांबत नाही.

येथवर आम्ही विक्रेत्याची व उत्पादकाची झडती घेतली. पण साक्ष एका बाजूची नसते. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याने सवलतीत घेतलेली सायकल एका चढाच्या रस्त्यावर खड्ड्यात जाऊन आपटली. तो स्वतः थोडक्यात बचावला, पण काही दिवसांनी फ्रेमच्या जोडापाशी केसासारखी चीर दिसली. मित्रांनी सल्ला दिला की, आपटल्याचे कशास सांगतोस? चीर आपोआप पडली असे लिही. फ्रेम फुकट बदलून मिळेल. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, "सर, कंपनी एवढी मोठी आहे. एका फ्रेमने तिचे काय बिघडणार? आणि मी पडलो नसतो तरी ती चीर पडलीच नसती, असे तरी कोण सांगणार?" त्याचा दुसरा प्रश्न पहिल्याहून चांगला होता. आम्ही त्यास एवढेच म्हटले की, "हे जर तुला खरोखर माहीत नाही, तर माहीत नाही असेच लिही. आपटल्याचे मात्र तुला माहीत आहे."

कंपनी मोठी आहे, हा युक्तिवाद फार लोकप्रिय आहे. पण तो तपासून पाहिल्यास टिकत नाही. परत आलेल्या फ्रेमा पाहूनच उत्पादकास आपल्या जोडणीतले दोष कळतात. अपघाताची चीर जन्मदोष म्हणून परत गेली, तर त्याच्या वहीत एक खोटी नोंद झाली; आणि अशा नोंदी पुष्कळ झाल्या म्हणजे खऱ्या दोषाची तक्रार घेऊन येणाऱ्या माणसाकडेही संशयाने पाहिले जाते. म्हणजे नुकसान होते ते त्या प्रामाणिक अनोळखी माणसाचे, जो पुढच्या वर्षी तीच खिडकी ठोठावणार आहे. विक्रेत्याने सत्यात सूट घेऊ नये असे आम्ही वर म्हटले. तीच गोष्ट गिऱ्हाइकास लागू आहे. पुढे त्या विद्यार्थ्याने घडले तसे लिहिले. फुकट फ्रेम अर्थातच मिळाली नाही. परंतु पुष्कळ उत्पादक अपघातात मोडलेल्या फ्रेमच्या बदली नवी फ्रेम कमी किमतीत देतात, तशी त्यास मिळाली. खरे सांगून मिळालेली ही सवलत त्यास पहिल्या सवलतीहून महाग पडली हे खरे, पण तीत काही लपलेले नव्हते.

याच जातीचा एक लहान अपराध सुशिक्षितांकडून सर्रास घडतो. जवळच्या दुकानात तासभर बसावयाचे, दुकानदाराकडून उंची मोजवून घ्यावयाची, तीन सायकली चालवून पाहावयाच्या, आणि मग माप पक्के समजल्यावर दूरच्या विक्रेत्याकडून हजार-दोन हजारांनी स्वस्त मागवावयाची. यात कायदा मोडत नाही. पण दुकानदाराने जे दिले ते कौशल्य होते, आणि ते आपण मोल न देता नेले. स्वस्तच घ्यावयाचे असेल तर दुकानदारास आधी तसे सांगावे, आणि माप घेण्याचे पैसे विचारावे. पुष्कळ दुकानदार ते आनंदाने घेतील. काही जण किंमतही उतरवतील.

एवढ्या विवेचनानंतर कुटुंबातील वडीलधाऱ्यांनी मुलास सायकल घेऊ द्यावी की नाही, असे कोणी विचारील, तर आमचे उत्तर आहे की, अवश्य घेऊ द्यावी, आणि सवलतीतही घेऊ द्यावी. मात्र दुकानातून निघण्यापूर्वी काही गोष्टी विचारून लिहून घ्याव्या. सूट कशाबद्दल आहे, हे पावतीवर लिहून मागावे. जो विक्रेता तोंडाने सांगतो पण लिहीत नाही, त्याचे उत्तर त्यातच मिळाले असे समजावे. वचन देणारा कोण, उत्पादक, आयात करणारा की दुकानदार, हे पाहावे. कारण दुकान बंद झाले म्हणजे दुकानदाराचे वचन दाराबरोबर बंद होते. फ्रेमवर, बहुधा पायडलांच्या आसाखाली, क्रमांक कोरलेला असतो. तो पावतीवर उतरवून घ्यावा, आणि पावती ज्याची सायकल त्याच्याच नावाची असावी. फ्रेम, चिमटा आणि इतर भाग यांच्या मुदती निरनिराळ्या विचाराव्या. तक्रार ग्राहक आयोगाकडे न्यावयाची वेळ आली तर कारण घडल्यापासून साधारणतः दोन वर्षांची मुदत असते, हेही ध्यानात ठेवावे. या प्रश्नांनी दुकानदाराचा अपमान होतो असे मानण्याचे कारण नाही. जे वचन पाळावयाचे आहे ते स्पष्ट सांगण्यात कोणाचीही मानहानी होत नाही.

शेवटी एक गोष्ट राहते, आणि आमच्या दृष्टीने तीच मुख्य आहे. पाच-सात वर्षांनी मुलगा नोकरीनिमित्त परगावी जाईल, आणि ती सायकल धाकट्या बहिणीस मिळेल, किंवा शेजारच्या सोसायटीतल्या एखाद्या होतकरू मुलास निम्म्या किमतीत विकली जाईल. त्या दिवशी कंपनीची आजन्म हमी, कागदाच्या भाषेत, संपलेली असेल. पण नव्या स्वारास कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवूनच त्या फ्रेमवर बसावयाचे आहे. ती कोठे पडली, कोणता भाग बदलला, जोडापाशी कधी आवाज आला होता की काय, हे जगात एकाच माणसास ठाऊक असते. जन्मवेळेची साक्ष उत्पादकाची होती. त्यानंतरच्या वर्षांची साक्ष पहिल्या मालकाची आहे. किंमत त्यास वाटेल तेवढी कमी करता येईल. परंतु डाव्या बाजूस एकदा आपटली होती, हे वाक्य त्याने सौदा ठरण्यापूर्वी, विचारण्याची वाट न पाहता, सांगितले पाहिजे.